लिझ्यूची छोटी तेरेसा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी कोणी पाककृती देते, कोणी प्रवासवर्णन लिहिते, कोणी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र सांगते. यंदा संपादिकाबाईंनी चरित्र माझ्याकडे मागितले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. लिहिण्याचा सराव म्हणजे वाणसामानाची यादी आणि भिशीचा हिशेब, एवढाच. म्हणून आधी नको म्हटले. मग मनात आले, जिच्यामुळे माझ्या मनावरचे एक जुने ओझे उतरले, तिच्याविषयी तरी आपल्याला चार शब्द लिहिता यायला हवेत. ती काही राणी नव्हती की पुढारी नव्हती. अवघे चोवीस वर्षांचे आयुष्य, त्यातली नऊ वर्षे मठाच्या भिंतीआड गेली. शाळाही तिची तेराव्या वर्षीच सुटली होती, माझ्यासारखीच. फ्रान्समधल्या लिझ्यू गावची म्हणून तिला लिझ्यूची तेरेसा म्हणतात. आम्ही ख्रिस्ती बायका तिला लाडाने छोटी तेरेसा म्हणतो.

तिच्याविषयी सांगण्यापूर्वी माझे थोडे सांगते, म्हणजे मी हिचीच गोष्ट का निवडली ते कळेल.

माझे माहेर वसईकडचे. घरात भक्ती पुष्कळ. रोज संध्याकाळी सारे घर गुडघ्यांवर बसून रोझरीची प्रार्थना म्हणत असे. पण त्या भक्तीत भीतीही तेवढीच होती. आजी सांगे की देवाजवळ मोठी वही आहे आणि तीत आपले सारे काही लिहिले जाते. वीज कडाडली की आम्ही भावंडे आपापली पापे आठवू लागत असू. आजी काही वाईट नव्हती. तिला जे शिकवले गेले तेच तिने आम्हाला शिकवले. पुढे माझे लग्न झाले, पहिला मुलगा झाला. दिवस असताना मी वांद्र्याच्या मोत माउलीला मेणबत्तीचा नवस बोलले होते. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तो फेडायचा राहिला, आणि अकराव्या महिन्यात बाळ तापाने गेले. नवस राहिला म्हणून असे झाले, असे कोणी तोंडावर म्हणाले, कोणी पाठीमागे. मीही तेच धरून बसले. पुढे दोन मुली झाल्या, संसार चालू राहिला. पण देवळात गेले की माझी मान वर होत नसे. प्रार्थना मी कधी चुकवली नाही, पण ती सावकाराला व्याज नेऊन द्यावे तशी.

एकदा माझ्या धाकटीला ताप भरला. सहा-सात वर्षांची असेल. रात्री मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवीत बसले होते. डब्यातला लाडू न विचारता घेतला म्हणून देवाने ताप दिला का, असे तिने मला विचारले. मी चरकलेच. कारण दोन दिवसांपूर्वी देव शिक्षा करील म्हणून मीच तिला दटावले होते. आजीची ती वही माझ्या हातून माझ्या लेकीच्या हातात गेली होती. त्याच सुमारास आमच्या एका सिस्टरनी मला छोट्या तेरेसाचे चरित्र वाचायला दिले. तेच आता तुम्हाला सांगते.

तेरेसाचा जन्म 2 जानेवारी 1873 रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात अलाँसाँ या गावी झाला. वडील लुई मार्टिन घड्याळे दुरुस्त करीत. आई झेली लेस विणणाऱ्या बायकांचा धंदा चालवीत असे. त्या गावची लेस फार नावाजलेली होती. झेलीबाई स्वतः विणायची, बायकांना काम वाटून द्यायची, घर सांभाळायची आणि रात्री उशिरापर्यंत दिव्याशी बसायची. आपल्यापैकी घरी काम आणून करणाऱ्या भगिनींना ही बाई लगेच ओळखीची वाटेल.

या झेलीबाईंचे बालपण मोठ्या कडक घरात गेले होते. आई इतकी कठोर की मुलीला खेळायला एक बाहुलीसुद्धा मिळाली नाही. पण स्वतः आई झाल्यावर तिने हा कडकपणा पुढे चालवला नाही. तिला नऊ मुले झाली. त्यांतली चार लहानपणीच गेली. पाच मुली जगल्या: मारी, पोलीन, लेओनी, सेलीन आणि सर्वांत धाकटी तेरेसा. मुले गेल्यावर ती जन्मालाच आली नसती तर बरे झाले असते, असे लोक तिला म्हणत. ते तिला मुळीच सोसत नसे. आपली मुले देवाजवळ सुखात आहेत आणि आपण त्यांना पुन्हा भेटणार आहोत, असे तिने आपल्या भावजयीला पत्रात कळवले होते. देवाने मला शिक्षा केली, असा सूर तिने लावला नाही. हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

तेरेसा साडेचार वर्षांची असताना, ऑगस्ट 1877 मध्ये, झेलीबाई स्तनाच्या कर्करोगाने वारली. वडील पाचही मुलींना घेऊन लिझ्यूला राहायला गेले, कारण तिथे मुलींचे मामा-मामी होते. वडिलांचा धाकटीवर भारी जीव. ते तिला आपली छोटी राणी म्हणत. पोलीनला तिने आईच्या जागी मानले. पण 1882 मध्ये पोलीन कार्मेल मठात गेली आणि त्या नऊ वर्षांच्या पोरीची आई दुसऱ्यांदा हरवली. त्यानंतर तिला मोठे आजारपण आले. 1883 च्या मे महिन्यात ती त्यातून उठली. खाटेजवळची पवित्र मरियेची मूर्ती आपल्याकडे पाहून हसली, असे तिने पुढे लिहून ठेवले आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. त्या काळी फ्रान्समधल्या धार्मिक घरांत देवाची भीती खोल मुरलेली होती. त्याला कारणही होते. सतराव्या शतकात यान्सेन नावाच्या बिशपच्या शिकवणीतून एक कडक पंथ तिथे पसरला होता. माणूस पापाने पार नासलेला आहे, देवाची कृपा मोजक्यांनाच मिळते, ख्रिस्तप्रसाद घेण्याची आपली लायकी नाही, असा त्यांचा सूर असे. रोमच्या पोपनी 1653 मध्ये त्या शिकवणीतली मुख्य मते त्याज्य ठरवली. पण घराघरांतून आणि प्रवचनांतून तिची सावली दोनशे वर्षे हटली नाही. भीती एकदा घरात शिरली की वरून हुकूम आला म्हणून जात नाही, हे आपण बायका जाणतोच.

तेरेसाच्या घरात माया भरपूर होती, तरी बाहेरची ही हवा तिला लागलीच. 1885 च्या मे महिन्यात, बारा वर्षांची असताना, शाळेत प्रार्थनेचे दिवस पाळले गेले. त्यांतली प्रवचने पाप, मरण आणि देवाचा न्याय यांवर होती. त्या दिवसांत पोरीच्या मनात भीतीचा किडा शिरला. आमच्या शेजारणींसाठी सांगते: आमच्यात पापनिवेदन असते. फादरांजवळ जाऊन आपल्या चुका सांगायच्या, पश्चात्ताप करायचा आणि देवाच्या नावाने क्षमा मिळवायची. मन हलके व्हावे म्हणून ही रीत आहे. पण ज्याच्या मनात भय बसले त्याचे मन हलके होतच नाही. काही सांगायचे राहिले का, जे सांगितले ते पुरेसे सांगितले का, हेच त्याला पोखरते. तेरेसाचे तसेच झाले. साधा विचार मनात आला तरी ते पाप वाटे, साधी कृती केली तरी पाप वाटे. हे जवळजवळ दीड वर्ष चालले. डोकेदुखी लागली, आणि शेवटी शाळाही सोडावी लागली.

या दिवसांतला तिचा आधार म्हणजे थोरली बहीण मारी. वडिलांना आवडत म्हणून तेरेसाचे केस कुरळे केले जात. रोज संध्याकाळी मारी तिचे केस गुंडाळायला बसे आणि त्या वेळी ही रडत रडत दिवसभराच्या साऱ्या शंका तिला सांगे. मारी शांतपणे ऐकून घेई. यातले काय फादरांना सांगायचे आणि काय सोडून द्यायचे, तेही तीच ठरवून देई. तिने कधी हसून उडवले नाही की रागावली नाही. वेणीफणी करताना ऐकून घेणारी अशी एक बहीण प्रत्येक मुलीला मिळाली, तर किती दुखणी वाचतील!

पण ऑक्टोबर 1886 मध्ये मारीही मठात गेली. आता सांगायचे कोणाला? तेव्हा या मुलीने काय करावे? जगात येऊन लगेच गेलेल्या आपल्या त्या चार भावंडांकडे ती वळली. तिने त्यांना विनवले की मी सर्वांत धाकटी, घरात सर्वांनी माझे लाड केले, तुम्ही असता तर तुम्हीही केलेच असते. तर आता माझ्यासाठी देवाकडे शांती मागा. आणि तिच्या मनाला शांती मिळाली. दीड वर्षाचा तो छळ थांबला.

मैत्रिणींनो, इथे मी पुस्तक खाली ठेवले आणि पुष्कळ रडले. माझा अकरा महिन्यांचा मुलगा म्हणजे देवाच्या रागाची खूण, असे मी इतकी वर्षे समजत होते. त्याला मी माझ्या गुन्ह्याचा पुरावा करून ठेवले होते. तो देवाजवळ आहे आणि आपल्या आईसाठी दोन शब्द बोलत असेल, हे माझ्या मनात कधी आलेच नव्हते.

त्याच वर्षीच्या नाताळात आणखी एक गोष्ट घडली. मध्यरात्रीच्या मिस्साहून सारे घरी परतले होते. लहान मुलांच्या चपलांत खाऊ ठेवण्याची तिकडे रीत आहे. थकलेले वडील त्रासून म्हणाले की एवढ्या मोठ्या मुलीसाठी आता हे शेवटचेच वर्ष असलेले बरे. तेरेसाने जिन्यात ते ऐकले. एरवी तिने रडून घर डोक्यावर घेतले असते. पण त्या रात्री तिने आसवे गिळली, हसत खाली आली आणि वडिलांसमोर एकेक भेट उघडली. वडीलही हसले. त्या रात्री आपले बालपण संपले आणि मनाला बळ आले, असे ती मानत असे.

पुढच्या वर्षी, 1887 मध्ये, पॅरिसला प्रांझिनी नावाच्या माणसाने दोन स्त्रिया आणि एक मुलगी असे तीन खून केले. त्याला मरणाची शिक्षा झाली. त्याला पश्चात्ताप म्हणून नव्हता. सारा देश त्याला शिव्या देत होता. ही चौदा वर्षांची मुलगी मात्र त्याच्यासाठी प्रार्थना करू लागली. 31 ऑगस्टला त्याला शिक्षा झाली. शेवटच्या क्षणी त्याने फादरांच्या हातातल्या क्रुसाचे तीनदा चुंबन घेतले. वर्तमानपत्रात हे वाचून तेरेसाचे डोळे भरून आले. जो देव खुन्याकडे पाठ फिरवीत नाही तो आपल्या बारीकसारीक चुकांसाठी दंडा घेऊन का बसेल, असे मला हे वाचून वाटले.

मठात जाण्याची तिला फार घाई होती. वय कमी म्हणून नकार आला, तेव्हा ती वडिलांबरोबर रोमला गेली आणि नोव्हेंबर 1887 मध्ये तिने खुद्द पोप तेरावे लिओ यांना विनंती केली. अखेर 9 एप्रिल 1888 रोजी, पंधराव्या वर्षी, ती लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली. पण सुख कुठले? वर्ष उलटायच्या आत वडिलांच्या डोक्यावर परिणाम झाला आणि त्यांना मानसिक रुग्णांच्या इस्पितळात ठेवावे लागले. मुली मठात गेल्या म्हणून बापाची ही दशा झाली, अशी कुजबुज होई. कुजबुज कोणत्याही गावात सारखीच. वडील तीन वर्षे तिथे होते. पुढे ते घरी आले आणि 1894 मध्ये वारले. या दुःखाला तेरेसाने देवाचा कोप म्हटले नाही.

तरीही जुन्या भीतीची मुळे थोडी उरली होतीच. 1891 च्या ऑक्टोबरात आलेक्सी प्रू नावाचे एक फादर मठात प्रवचने द्यायला आले. तेरेसाने त्यांच्यापुढे मन मोकळे केले. तिच्या चुकांनी देवाला दुःख होत नाही, असे त्यांनी तिला सांगितले. असे कोणी सांगू शकते हेच तिला ठाऊक नव्हते. भरवसा आणि प्रेम यांच्या वाटेने जावे असे तिला आतून वाटत होते, पण पाऊल टाकायला ती धजत नव्हती. त्या दिवसापासून ती धजली.

मग तिची ती छोटी वाट तयार झाली. मोठमोठ्या संतांसारखे कडक उपास आणि तप आपल्याच्याने होणार नाहीत, हे तिने ओळखले. प्रवासात तिने लिफ्ट पाहिली होती, ती तेव्हा नवलाची वस्तू होती. देवाकडे जाण्याचा जिना आपल्या इवल्या पायांना चढवत नाही, तर येशूचे हात हीच आपली लिफ्ट, असे तिने ठरवले. त्यासाठी मोठे होण्याची गरज नाही, उलट लहानच राहायचे. ती कित्येक वर्षे प्रार्थनेच्या वेळी डुलकी घेई. पण तिने त्याचा बाऊ केला नाही. मूल जागे असो की झोपलेले, आईबापांना ते सारखेच आवडते, असे ती म्हणे. दिवसभराच्या कामाने थकून रोझरीच्या तिसऱ्या माळेला पेंगणाऱ्या माझ्यासारखीला हे ऐकून किती बरे वाटले असेल!

त्या काळी मठांतून काही भगिनी देवाच्या न्यायापुढे स्वतःला अर्पण करीत, पाप्यांची शिक्षा आपल्यावर यावी म्हणून. तेरेसा त्यांना नावे ठेवीत नसे. पण 9 जून 1895 रोजी तिने स्वतःला अर्पण केले ते देवाच्या दयाळू प्रेमाला. न्यायाला इतके लोक वाहून घेतात, मग प्रेम घ्यायला कोणीच का पुढे होत नाही, हा तिचा प्रश्न होता.

कोणी म्हणेल, भीती गेली की माणूस सैल सुटतो. तेरेसाचे तसे झाले नाही. चालता न येणाऱ्या, सारख्या करवादणाऱ्या एका म्हाताऱ्या भगिनीला ती रोज संध्याकाळी हाताला धरून जेवणघरात नेई आणि तिची पोळी-भाकरी, म्हणजे पाव, कापून देई. जी भगिनी तिला मुळीच आवडत नसे, तिच्याशी ती मुद्दाम हसून बोले. भीतीने माणूस एवढे करीत नाही. भीतीने माणूस फक्त नियम पाळतो.

आणि हा भरवसा सुखात बसून मिळालेला नव्हता. एप्रिल 1896 मध्ये, पवित्र गुरुवारच्या रात्री, तिच्या तोंडातून रक्त आले. क्षयच तो. पाठोपाठ मनातही काळोख दाटला. स्वर्ग वगैरे काही नाहीच, अशा शंका तिला घेरू लागल्या. शेवटची दीड वर्षे हा काळोख हटला नाही. तेव्हा तिने आपल्या श्रद्धेचा मंत्र स्वतःच्या रक्ताने लिहून उराशी बाळगला. काही दिसत नसताना तिने देवाचा हात सोडला नाही. मूल अंधारात आईचा पदर धरून चालते तसे. 30 सप्टेंबर 1897 च्या संध्याकाळी, चोवीसाव्या वर्षी, तिने प्राण सोडला.

मोठ्या बहिणींच्या सांगण्यावरून आणि पुढे मठाच्या प्रमुख बाईंच्या आज्ञेवरून तिने आपल्या आठवणी लिहिल्या होत्या. त्या 1898 मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या, फक्त दोन हजार प्रती. पुढे हे पुस्तक जगभर गेले. 1905 मध्ये पोप दहावे पायस यांनी ख्रिस्तप्रसाद वरचेवर, रोजसुद्धा घेण्याची मोकळीक दिली. तेरेसाची ती मोठी इच्छा होती. 1925 मध्ये तिला संतपद मिळाले. 1997 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य ही पदवी दिली; ती मिळालेली ती तिसरी स्त्री. शाळा अर्धवट सुटलेली मुलगी मोठमोठ्या पंडितांच्या पंगतीला बसली! 2015 मध्ये तिच्या आईवडिलांनाही संत म्हणून घोषित केले गेले. आणि कोलकात्याच्या मदर तेरेसा तुम्हा साऱ्यांना ठाऊक आहेतच. त्यांनी आपले नाव हिच्यावरूनच घेतले.

आता माझे शेवटचे सांगते. पुस्तक वाचून झाल्यावर मी मुलींना घेऊन वांद्र्याला गेले आणि मोत माउलीपुढे मेणबत्ती लावली. दंड म्हणून नव्हे, माझ्या मुलाची आठवण म्हणून. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी माझी मान वर झाली. जुनी भीती साफ गेली असे मी म्हणणार नाही. वीज कडाडली की अजून छातीत धस्स होते. पण तेव्हा मी मुलींना जवळ घेते, पापांची उजळणी करायला लावत नाही.

धाकटीला मी कबूल केले की तापाचे मी तिला चुकीचे शिकवले. आईला असे कबूल करणे जड जाते. लाडू न विचारता घेऊ नये हे आजही सांगते, पण मध्ये देवाला आणीत नाही. आपल्या मंडळात निरनिराळ्या देवांना मानणाऱ्या बायका आहेत. देवाचा कोप, राहिलेला नवस, झालेली चूक, ही भीती थोडीफार सगळ्यांच्याच देव्हाऱ्यात आहे. जिचे मूल गेले, जिला मूल झाले नाही, जिच्या घरात दुखणे आहे, तिला तुझे काहीतरी चुकले असेल असे आपण निदान म्हणू नये. मारीसारखे जवळ बसावे आणि ऐकून घ्यावे. एवढे जरी आपल्याला जमले, तरी माझे हे वेडेवाकडे लिहिणे कारणी लागले असे मी समजेन.